आम्पारोबाईंचा आवाज

"ही मुलगी माझ्यापासून दहा पावलं लांब राहील. त्याच्या आत आली तर मी काम थांबवीन. सांग सगळ्यांना."

आम्पारो सालिनेस हे माझ्याविषयीच बोलत होत्या, माझ्याकडे बघून बोलत होत्या, आणि त्यांचं स्पॅनिश मराठीत सांगणारं माझ्याशिवाय तिथे दुसरं कुणी नव्हतं.

१९८५ चा फेब्रुवारी. रेवदंड्याच्या किल्ल्यात, तटाच्या सावलीला, चाळीसएक माणसं हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे बघत होती. निम्मी स्पेनहून आलेली, निम्मी आपली. सुतार, लाइटवाले, कपडेपट सांभाळणाऱ्या दोघी बायका, अलिबागचे टेम्पोवाले. स्पॅनिश मंडळींना सगळं समजलं होतं, त्यामुळे ती समुद्राकडे बघायला लागली होती. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "बाईंना कामाच्या वेळी जवळ गर्दी नको आहे."

"खोटं सांगितलंस," आम्पारोबाई म्हणाल्या.

"तुम्हाला मराठी येत नाही, सेन्योरा."

"दहा पावलं म्हटलं की ऐकणारा नजरेनं अंतर मोजतो. एकानंही मोजलं नाही. परत सांग."

मी परत सांगितलं. या वेळी आपल्याकडच्या वीसेक जणांनी माझ्या आणि त्यांच्यामधली जमीन नजरेनं मोजली. मी मागे सरकले. सातव्या पावलाला पाय मांडवाच्या दोरीत अडकला, आणि कुणीतरी हसलं.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. पुण्यात स्पॅनिशच्या शिकवण्या करायची. एका वृद्ध स्पॅनिश पाद्रीबाबांकडे आठ वर्षं ती भाषा शिकले होते. पुण्यात तेव्हा स्पॅनिश कुणाला लागत नसे. त्यामुळे स्पेनच्या टीव्हीसाठी कोकणात मालिका होणार आहे, दुभाषी हवी आहे, असं कळलं तेव्हा मी दोन दिवस आनंदानं जेवले नव्हते. आणि मुख्य भूमिका कुणाची, तर आम्पारो सालिनेसची! पाद्रीबाबांनी एकदा भिंतीवर चादर लावून आम्हाला त्यांचा एक जुना चित्रपट दाखवला होता. कृष्णधवल. त्यात बाई वीस-बावीस वर्षांच्या होत्या. त्यातला त्यांचा तो आवाज, नितळ, थोडा थरथरता, कानात घेऊन मी घरी आले आणि ठरवलं की ही भाषा आपण पुरी शिकायची.

मुंबईच्या विमानतळावर त्यांना आणायला मीच गेले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या, उंच, काळ्या चष्म्याच्या बाई. मी हार घातला आणि वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं वाक्य म्हटलं, "सेन्योरा, त्या चित्रपटातला तुमचा आवाज ऐकला नसता तर मी स्पॅनिश शिकलेच नसते."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. "गाडी कुठे आहे?" एवढंच म्हणाल्या. तो आवाज जाडाभरडा, खरखरीत होता. वय आणि सिगारेटी, असं मी मनाशी म्हटलं. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. त्यांच्यासाठी मी 'पोपट' होते. तिसऱ्या दिवसापासून सगळ्या स्पॅनिश युनिटसाठीही मी पोपटच झाले.

मालिकेची गोष्ट साधी होती. तीनशे वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटतं. कप्तानाची विधवा तेवढी वाचते आणि एका आंधळ्या कोळ्याच्या झोपडीत आसरा घेते. तिला त्याची भाषा येत नाही, त्याला तिची. विधवा म्हणजे आम्पारोबाई. आंधळा कोळी म्हणजे आपले रघुवीर म्हसकर. पेणचे म्हातारे नट, संगीत नाटकाच्या कंपनीत वाढलेले. दिग्दर्शक गोन्सालो हा तेहतीस वर्षांचा हुशार, कायम घाईत असलेला माणूस. तो बाईंना घाबरत असे आणि ते लपवण्यासाठी त्यांच्याशी हसून बोलत असे.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तालमीला म्हसकरकाका बाईंच्या शेजारी बसले, तशा बाई उठल्या.

"या माणसाला सडक्या मासळीचा वास येतो. त्याला आंघोळ करून यायला सांग."

काका माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना म्हटलं, "बाई विचारतायत, तुम्ही किती वर्षं नाटकात आहात?"

काका खुलले. "सांग, चौसष्ट."

मी बाईंकडे वळायच्या आत त्या म्हणाल्या, "अपमान झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. चव्वेचाळीस वर्षं मी माणसांचे चेहरे वाचत आलेय, पोपटा. मी जे बोलले तेच सांग. शब्दाला शब्द."

"ते वयानं मोठे आहेत, सेन्योरा. आमच्याकडे असं..."

"तुमच्याकडे काय ते मी विचारलं नाही."

मी मान खाली घालून ते वाक्य मराठीत सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तिला म्हणावं, तो वास फुकट नाही आला. चार दिवस कोळीवाड्यात जाऊन बसतोय. हा सदरा सुक्या बोंबलाच्या टोपलीत ठेवला होता. मी जन्माचा शाकाहारी आहे बाई, पण हा कोळी नाही ना."

मी ते सांगितलं. बाई काकांकडे बघत राहिल्या. मग पुढे झाल्या, त्यांच्या सदऱ्याची बाही नाकाशी धरून दीर्घ श्वास घेतला आणि खळखळून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या काकांच्या अगदी खेटून बसल्या आणि तालीम सुरू झाली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे तू माझ्यापासून चोरणार होतीस."

त्यानंतर त्या दोघांचं जमलं. माझ्यावरचा राग मात्र वाढला. चहा गार आला तरी माझ्यामुळे, विग घट्ट बसला तरी मी कपडेपटाच्या बाईला नीट सांगितलं नाही म्हणून. एकदा त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि माझं अक्षर सगळ्यांना दाखवलं. "बघा, शाळकरी मुलीचं अक्षर." मी अलिबागच्या खोलीवर जाऊन आरशासमोर त्यांना स्पॅनिशमधून उत्तरं देत असे. समोर एक शब्द फुटत नसे.

शूटिंग संपायला नऊ दिवस उरले असताना गोन्सालोनं मला मांडवाच्या मागे बोलावलं आणि टाइप करायला कागद दिले. माद्रिदला पाठवायची यादी होती. प्रत्येक पात्रासमोर नटाचं नाव आणि त्यापुढे आणखी एक रकाना, 'आवाज'. म्हसकरकाकांच्या नावापुढे 'स्वतःचा' असं लिहिलं होतं. आम्पारो सालिनेसच्या पुढे भलत्याच बाईचं नाव होतं.

मी बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"निर्मात्यांचं ठरलंय," तो म्हणाला. "तो आवाज घराघरात ऐकवण्यासारखा नाही. तरुण नटी आहे ती, चांगला आवाज आहे."

"त्यांना माहीत आहे?"

"माद्रिदला गेल्यावर सांगू. आत्ता कळलं तर त्या पुढच्या विमानानं जातील आणि माझे बारा प्रसंग राहतील." त्यानं आवाज खाली आणला. "तू कुणाला बोलायचं नाही. न विचारलेलं बोलणं हे दुभाष्याचं काम नाही."

मी "बरं" म्हटलं. कागद टाइप केले आणि एक प्रत माझ्या झोळीत ठेवली. का ठेवली, असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, नजरचुकीनं.

दोन दिवसांनी दुपारची ओहोटी लागायची वाट बघत सगळे बसले होते. तटावर सुरूच्या सावलीत काका आणि बाई, आणि मधे मी. काकांशी बोलायचं तर मला दहा पावलं लांब ठेवून चालत नसे. काकांनी विचारलं, "बाईंना विचार, या धंद्यात कशा आल्या?"

बाई बोलू लागल्या आणि मी सांगू लागले.

दक्षिणेतल्या एका खाणीच्या गावात त्यांचा जन्म. वडील फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात बसून नटांना शब्द पुरवायचे. मुलगी त्यांच्या मांडीवर बसून नाटकं पाठ करायची. चौदाव्या वर्षी एक नटी आजारी पडली आणि ही उभी राहिली. विसाव्या वर्षी माद्रिदला सिनेमात घेतली.

"चेहरा त्यांना पसंत होता," बाई म्हणाल्या. "निर्माता म्हणाला, चेहरा सरदाराच्या मुलीचा आणि गळा खेचरं हाकणाऱ्याचा. आमच्याकडे तेव्हा सिनेमातले आवाज मागाहून भरत. माझ्या तोंडात दुसऱ्या बाईचा आवाज घातला. एक नाही, अकरा चित्रपट. देशभर माझे फोटो लागले. लोक रस्त्यात माझा हात धरायचे आणि म्हणायचे, काय तुमचा आवाज!"

हे मी मराठीत सांगितलं. सांगता सांगता विमानतळावरचा हार मला आठवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मग मी नाटकात गेले. माद्रिदच्या मोठ्या थिएटरात पहिला प्रयोग. पडदा वर गेला, टाळ्या पडल्या. मी पहिलं वाक्य बोलले आणि पाठीमागून कुणीतरी ओरडलं, 'ही कोण? खरीला बोलवा!' सगळं थिएटर हसलं. मी ते नाटक शेवटपर्यंत केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. आठ वर्षं मी त्यांना हा आवाज ऐकवला, ते हसायचे थांबेपर्यंत. मग टीव्ही आला. टीव्हीवर तेव्हा नाटकं थेट जात, आवाज बदलायला कुणाला सवडच नव्हती. गावोगावच्या बायका मला पत्रं लिहायच्या. चित्रपटासाठी नाही, या आवाजासाठी. म्हणायच्या, आमच्या आईसारखा आहे." मग म्हणाल्या, "चित्रपट म्हणजे माझी थट्टा होती. जे मिळवलं ते नंतरचं."

काका म्हणाले, "तेराव्या वर्षापर्यंत मी नायिकेची कामं करायचो. सांगलीच्या मुक्कामात भर पदात आवाज फुटला. मालकांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. पुढची सहा वर्षं मी त्याच कंपनीत पेट्या उचलल्या, दुसऱ्याला माझी पदं म्हणताना ऐकत. सांग तिला."

मी सांगितलं. बाईंनी काकांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

माझी झोळी माझ्या मांडीवर होती. तो कागद आत होता. त्या वेळी बोलता आलं असतं. तिसरं कुणी ऐकायला नव्हतं. मी मनाशी म्हटलं, गोन्सालोला शब्द दिलाय. पण खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. या बाई माझी किंमत पोपटाइतकी करतात, आणि त्यांचं केवढं मोठं काहीतरी माझ्या मांडीवर पडलंय. समुद्र मागे हटला, शिटी वाजली आणि आम्ही कामाला लागलो.

शेवटच्या दिवसासाठी सगळ्यात मोठा प्रसंग ठेवला होता. जहाज दिसलंय, विधवा परत जाणार, आणि आंधळ्या कोळ्याचा निरोप घेताना ती चार पानं बोलते. नवरा, बुडालेली मुलं, देव, सगळ्यांवर बोलते. कोळ्याला एक अक्षर कळत नाही. तो मधे मधे मराठीत आपलंच काहीतरी बोलतो. काकांना स्पॅनिश कळत नसल्यामुळे त्यांची वाक्यं कुठे आली हे कळावं म्हणून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधला होता. मी भिंतीआड बसून दोरा ओढायचा.

सकाळच्या तालमीत मी दोरा लवकर ओढला. बाईंचं वाक्य संपलं असं वाटलं, पण त्या थांबल्या होत्या. काका बोलायला लागले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी तेच झालं.

बाई भिंतीला वळसा घालून माझ्यासमोर आल्या.

"तिथे मी गप्प होते. गप्प राहणं म्हणजे बोलणं संपणं नव्हे. तुझ्या पाद्र्यानं शिकवलं नाही तुला?"

"चुकलं, सेन्योरा."

"तू बोलतेस ते स्पॅनिश नाही. पाठ केलेली प्रार्थना आहे. चार आठवडे ऐकतेय मी. तुझं स्वतःचं असं एक तरी वाक्य तू आयुष्यात बोलली आहेस का? कुठल्याही भाषेत? एका सिनेमातल्या आवाजावर भाळलीस, आणि तो आवाज कुणाचा एवढंसुद्धा तुला कळलं नाही. दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे टाकणारी हमाल आहेस तू."

स्पॅनिश मंडळी हसली. सगळी नाही, तिघंचौघं. मी उठून उभी राहिले. दोरा अजून माझ्या हातात होता.

"मी दुसऱ्यांची वाक्यं वाहते," मी म्हटलं, "पण माझ्या तोंडानं. तुमच्या तोंडाची मात्र त्यांना गरज नाही. माद्रिदला तुमचं सगळं बोलणं दुसरीच बाई बोलणार आहे. तिचं नाव मी टाइप केलंय."

हसणं थांबलं.

"परत सांग," आम्पारोबाई म्हणाल्या. "सावकाश. काही मऊ न करता."

मी झोळीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला. मग गोन्सालोकडे पाहिलं. तो घाईघाईनं पुढे आला आणि बोलायला लागला, निर्माते, तांत्रिक अडचण, वाऱ्याचा आवाज, आजकालच्या प्रेक्षकांची आवड. बाईंनी कागदाची घडी घातली, त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आपल्या तंबूत निघून गेल्या.

काकांनी मला विचारलं, "काय झालं? काय म्हणालीस तू तिला?"

मी सांगितलं. त्यांनी वाकून पायाचा दोरा सोडला आणि माझ्याकडे न बघता तटावर जाऊन बसले.

तासाभरानं बाई बाहेर आल्या. पूर्ण मेकअप, विग, अंगावर ती फाटकी रेशमी वस्त्रं. सगळ्यांना वाटलं होतं त्या गाडी मागवतील. त्या जाऊन झोपडीच्या दारात आपल्या जागेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजेड जाईल. चला."

गोन्सालोचा चेहरा उजळला. मी भिंतीआड बसले, पण दोरा बांधायला काकांनी नकार दिला होता. "कळेल मला," म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. काका डोळे स्थिर करून दाराकडे तोंड करून बसले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. चार पानं बोलायची होती. त्या बोलल्या नाहीत.

पहिलं वाक्य विसरल्या असतील असं मला वाटलं. पण तो चेहरा काही विसरलेल्या बाईचा नव्हता. ओठ मिटलेले, जबडा घट्ट. चार पानांतलं सगळं त्या चेहऱ्यावरून जात होतं. नवरा गेला, मुलं गेली, देवाशी भांडण झालं. ओठ मात्र हलले नाहीत. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओठच हलले नाहीत तर दुसरीचा आवाज घालणार कशात?

काका वाट बघत होते. आंधळ्याला बाई दिसत नाही, आणि ती बोलतही नाही. त्यांनी मान थोडी तिरकी केली. "बाय," ते म्हणाले, "हायस ना?"

उत्तर नाही.

"गेलीस काय?" त्यांचा आवाज कापला. लिहिलेल्या ओळी सोडून ते आपलंच बोलत होते. "जा हो. जाणाऱ्याला मी कवा अडवला नाय. पण दारात हुभी असशील तर येवढा कळू दे मला." ते उठले, हात पुढे करून चाचपडत दारापर्यंत आले. बोटं बाईंच्या गालाला लागली. मग नाक, कपाळ, ते मिटलेले ओठ. "हायस," ते म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

"कट!" गोन्सालो ओरडला. "सेन्योरा, संवाद! संवाद कुठे आहेत?"

"पुन्हा घ्यायचं?" बाईंनी विचारलं.

पुन्हा घेतलं. ओठ मिटलेलेच. तिसऱ्यांदाही तेच. तो विनवण्या करत होता, मग करार काढून ओरडला, मग वाळूवर बसला. ऊन सुरूच्या झाडांमागे उतरलं. जहाजासाठी आणलेलं गलबत भरती लागायच्या आत परत जायचं होतं. युनिट आवरायला लागलं. त्या प्रसंगाचं गोन्सालोच्या हाती लागलं ते एवढंच.

मला त्यानं तिथल्या तिथे काढलं. काम तसंही संपलं होतं. जाण्याआधी मी बाईंच्या तंबूत गेले. दहा पावलांचा विचार मी केला नाही. त्या आरशासमोर बसून खोबरेल तेलाच्या बोळ्यानं तोंड पुसत होत्या. विग टेबलावर होता. खालचे पांढरे केस विरळ होते.

"तो कागद तुझ्याकडे कधी आला?" त्यांनी आरशातून विचारलं.

"नऊ दिवस झाले."

बोळा थांबला. "म्हणजे तटावर मी त्या म्हाताऱ्याला सांगत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू सगळं नीट सांगितलंस. त्याच्या तोंडावर दिसत होतं मला." त्यांनी दुसरा गाल पुसायला घेतला. "नऊ दिवसांपूर्वी त्यांचे बारा प्रसंग माझ्याकडे होते. मी खुर्चीत बसून राहिले असते. म्हटलं असतं, लिहून द्या की आवाज माझाच राहील, मग उठते. त्यांना द्यावं लागलं असतं. आज माझ्याकडे एक प्रसंग होता. तो मी वापरला. आता काही नाही."

"मला वाटलं..." मी सुरुवात केली, आणि काय वाटलं ते मला सांगता येईना.

"मी तुला भित्री समजत होते," त्या म्हणाल्या. "भित्र्या माणसांचा मला राग येतो, पण ती मला समजतात. तू भ्यायली नव्हतीस. तू ते जपून ठेवलं होतंस. मी तुझ्याशी वाईट वागले, म्हणून ते धार लावून ठेवलं होतंस. माफी मागायला आली असशील तर स्पॅनिशमध्ये मागू नकोस. तुझ्या भाषेत माग. मला कळणार नाही, पण तुला तरी ऐकू जाईल."

मी उभीच होते. "चुकलं माझं," असं शेवटी मराठीत म्हणाले. सकाळी त्यांनाच म्हटलेलं "चुकलं" किती सहज गेलं होतं. हे जाईना.

त्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही. दुसरा बोळा घेतला आणि मान पुसायला लागल्या. मी बाहेर आले.

मी त्यांना दोन पत्रं लिहिली. एक परत आलं, एक आलं नाही. पुढे एका स्पॅनिश मासिकात वाचलं की आम्पारो सालिनेस यांनी टीव्ही सोडला आणि त्या पुन्हा गावोगाव नाटकं करतात. सत्तरी उलटेपर्यंत करत होत्या. फोटोत त्यांचं तोंड उघडं होतं, बोलता बोलता टिपलेलं.

ती मालिका आपल्याकडे कधी दिसली नाही. सहा वर्षांनी माझी एक विद्यार्थिनी माद्रिदला शिकायला गेली आणि सुट्टीत येताना शेवटच्या भागाची कॅसेट घेऊन आली. मी ती एकटीनं पाहिली नाही. पेणला म्हसकरकाकांकडे गेले. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते. रेवदंड्यानंतर आमचं बोलणं जेमतेम झालं होतं. कॅसेट आहे म्हटल्यावर त्यांनी दार उघडं केलं आणि मला बसायला पाट नाही, खुर्ची दिली, परक्याला देतात तशी. शेजाऱ्यांचा व्हिडिओ मागून आणला. दुपारची वेळ होती.

झोपडीचं दार आलं. बाई उभ्या होत्या, ओठ मिटलेले. आणि कोवळा, नितळ, जरासा थरथरता आवाज बोलू लागला. चारही पानं. ओठ हलत नव्हते म्हणून त्यांनी ते बाईंच्या मनातलं बोलणं करून टाकलं होतं. नवरा, मुलं, देव, सगळं त्या तरुण नटीच्या आवाजात त्या मिटलेल्या तोंडावरून वाहत होतं. काकांचं "बाय, हायस ना?" त्याखाली कुठेतरी पुसट ऐकू येत होतं.

"ती तर बोलली नव्हती," काका म्हणाले.

"नाही."

"मग हे कोण?"

"दुसरी. जिचं नाव मी टाइप केलं होतं ती."

काकांनी माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं आता मला जायला सांगतील. ते खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले, टीव्हीपाशी गेले आणि आवाजाचं बटण उलटं फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"काका, तुमचं बोलणंही गेलं," मी म्हटलं.

"माझं राहू दे." ते परत येऊन बसले. "मागे घे. पहिल्यापासून लाव."

मी कॅसेट मागे घेतली. बाई दारात उभ्या राहिल्या, आणि या वेळी खोलीत कुणाचाच आवाज नव्हता.